येतो म्हणणाऱ्यांचा थांबा

हेमलता बोरकुटेला आयुष्यात पहिल्यांदा कुणी तोंडावर खोटारडी ठरवलं असेल, तर ते तिनंच उभ्या केलेल्या फाटकानं. आणि निमित्त काय, तर ती दुपारी जेवायला घरी निघाली होती.

"वासनिक, येते रे मी," एवढंच म्हणून तिनं बाहेर पडायला फाटकाच्या काचेच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं. डोक्यावरचा दिवा लाल झाला. गेले कित्येक दिवस हा लाल दिवा तिच्या प्रवाशांवर लागत होता आणि दर वेळी ती मनात म्हणायची, असेल कुठंतरी पाणी मुरत. आता फाटक तिलाच गोड आवाजात सांगत होतं, "आपलं बोलणं आणि आपला बेत जुळत नाही. कृपया बाजूला उभं राहावं."

फाटकावर राखणीला असलेल्या वासनिकनं हसू दाबलं. "मॅडम, तुमी बी?"

नारापेठ जंक्शन हे नागपूरचं नवं स्थानक. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम या दोन्ही मोठ्या लाइनी तिथं एकमेकींवरून जातात, खाली मेट्रोचे तीन मजले आहेत आणि दाराशी बसचं आगार. हेमलता तिथली स्थानक व्यवस्थापक. ब्रह्मदेशातले रूळ जोडले गेले आणि मुंबईहून थेट सिंगापूरला गाडी सुटू लागली, तेव्हा ती गाडी नारापेठवरून नुसती शिट्टी मारून निघून जायची. परदेशी गाडीचा थांबा म्हणजे पासपोर्टच्या खिडक्या, सामानाची तपासणी, स्वतंत्र इमारत. नारापेठला तर एक जादा बाकडं टाकायचं म्हटलं तरी दुसरं उचलावं लागे. त्या थांब्यासाठी हेमलतानं मुंबई-दिल्लीचे जोडे झिजवले.

लोकांना वाटायचं, बाईला नावाची हौस. खरं कारण घरात होतं. तिची एकुलती एक मुलगी तन्मयी बोगद्यांची इंजिनिअर झाली होती आणि तिचं लक्ष पहिल्यापासून पेनांगच्या समुद्राखालच्या कामांवर होतं. विमानानं गेलेली माणसं परकी होतात, अशी हेमलताची एक आपली समजूत होती. गाडीचं तसं नाही. जो रूळ नेतो तोच आणतो. पोरीच्या गावाहून निघालेली गाडी आपल्या फलाटावर थांबणार असेल, तर पोर दूर गेली असं म्हणायचंच कशाला? नवरा अपघातात गेल्यापासून घरात दोघीच होत्या. थांबा मिळाला की तन्मयी सणावाराला येत राहील, यावर हेमलता विठ्ठलाच्या विटेसारखी ठाम होती.

जागेची अडचण शेवटी सोडवली ती या आशय-फाटकानं. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या मेंदूत शब्द तयार होतात, तसा पुढं काय करायचं याचा बेतही तयार होतो. दोन्ही एका दिशेला असले की गळ्याचे स्नायू सहज चालतात. बेत एक आणि बोल दुसरा असला, की मेंदूला एकाला दाबून दुसऱ्याला पुढं ढकलावं लागतं. त्या ओढाताणीत गळ्याला एक बारीक कंप सुटतो. तो कानाला ऐकू येत नाही, पण फाटकाच्या खांबांतून निघालेल्या रेडिओलहरी गळ्यावर आपटून परत येतात तेव्हा तो सोबत घेऊन येतात. पावलांची दिशा आणि तोंडातले शब्द यांचा मेळही यंत्र त्याच वेळी घालतं. ओळख तर चेहऱ्यावरूनच पटलेली असते. मग खिडक्या हव्यात कशाला? फाटकात उभं राहायचं, कुठं चाललो आणि कशासाठी ते आपल्या भाषेत सांगायचं, हिरवा दिवा लागला की गाडीत बसायचं. यंत्राला भविष्य कळत नाही. त्या क्षणी माणसाच्या मनात काय आहे, तेवढंच त्याला कळतं.

नागपूरकरांनी त्याचं नाव ठेवलं 'हरिश्चंद्र'.

थांबा मिळाला, पण कच्चा. सहा महिने चाचणी. या थांब्यापायी गाडीला वारंवार उशीर झाला, तर थांबा रायपूरला जाणार होता. आणि उशीर तर रोजचाच झाला होता. लाल दिवा लागला की माणसाला बाजूला घेऊन हातानं चौकशी, तोवर गाडी उभी. वाक्य एकदा मागं घेऊन दुसरं बोलायची मुभा होती, पण आपलं काय चुकलं हेच कुणाला कळत नसे. बँकॉकच्या फाटकात दिवसाकाठी एखादा लाल. नारापेठला दर चार माणसांत एक. वरून पत्रं येऊ लागली होती की, नागपूरच्या प्रवाशांत लबाडीचं प्रमाण चिंताजनक आहे.

त्या दुपारी हेमलता जेवायला गेलीच नाही. फाटकाशेजारी उभी राहून ती वासनिकला म्हणाली, "मी काय म्हटलं रे?"

"काई नाही. येते म्हटलं."

"आणि पाय कुठं होते?"

वासनिकनं तिच्या पायांकडं पाहिलं, मग बाहेरच्या जिन्याकडं. "बाप्पा," तो म्हणाला, "अन् हे यडं समजते का तुमी आत येऊन राहिल्या."

दोघांनी संध्याकाळच्या गाडीला नीट कान दिला. प्रवासी फाटकात यायचा, व्यवस्थित सांगायचा, "बँकॉकला चाललो, कापडाच्या कामासाठी," आणि हिरवा दिवा लागायचा. मग तो काचेपलीकडं उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडं वळायचा, हात हलवायचा आणि म्हणायचा, "बरं, येतो!" की लागला लाल. आत्ताच म्हणाला चाललो, आता म्हणतो येतो, आणि पाय गाडीकडं. यंत्रानं तरी काय समजावं?

"जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं," हेमलतानं त्या रात्रीच फाटक बनवणाऱ्या कंपनीच्या श्रीरंगला फोनवर सुनावलं. श्रीरंग पुण्याचा, राहायला सिंगापूरला. त्याला क्षणात उमगलं आणि तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

"अहो, यंत्राला मराठी शिकवली ती बातम्या आणि भाषणं ऐकवून," तो म्हणाला. "त्यात कुणी कुणाचा निरोप घेत नाही. चूक आमचीच आहे, मॅडम."

"मग सुधारा."

"सुधारतो. पण फाटक पाच देशांचं आहे. एका शब्दाचा अर्थ बदलायचा तर पाचही देशांची मान्यता लागते. तुम्ही तुमच्या वरिष्ठांकडून मागणी पाठवा."

इथून पुढचे दोन महिने हेमलतानं जे सोसलं, ते तिचं तिला ठाऊक. तिचे वरिष्ठ देशकर साहेब मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकत. त्यांनी मागणी समितीकडं पाठवली, समितीनं ती भाषा-विभागाकडं, भाषा-विभागानं विचारलं, 'येतो' हे क्रियापद वर्तमानकाळी समजावं की भविष्यकाळी? हेमलतानं लिहिलं, दोन्ही समजू नका, निरोप समजा. त्यावर उत्तर आलं की 'निरोप' हा काळ व्याकरणात नाही. तिनं कपाळाला हात लावला. मग एक दिवस समितीनं तोडगा धाडला. म्हशीला रोग आणि पखालीला इंजेक्शन म्हणतात, तसा. फाटकाजवळ मोठा फलक लागला: 'प्रवाशांनी निरोप घेताना "मी जातो" अथवा "मी जाते" असेच म्हणावे.'

फलक लागला त्याच दिवशी रंगूनच्या पॅगोड्यांच्या दर्शनाला निघालेली उपासक-उपासिकांची एक तुकडी आली. पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी, गयाबाई मेश्राम, फाटकात उभी राहिली. तिचा नवरा गुडघ्यांमुळं मागं राहणार होता. तो काठीवर भार देऊन काचेपलीकडं उभा होता.

"आजी, यजमानांना जाते म्हणा बरं," हेमलता म्हणाली. हे म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

गयाबाईनं आधी फलक पाहिला, मग हेमलताला. "काहून? मरून राहिली का मी?"

"तसं नाही, आजी. यंत्राला कळत नाही."

"यंत्राले नाही कळत, तुले तं कळते ना? तुह्या घरी कोनी गेलं नाही का?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "गेलं म्हंजे काय होते, मालूम हाये ना? या मानसानं लगीन झाल्यापासून मले कधी जातो म्हटलं नाही. अन् मी याच्या तोंडावर जाते म्हनू? गाडी चुकली तं चुकली."

आणि नवऱ्याकडं वळून, इकडच्या जुन्या बायका बोलतात तसं, तिनं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "येतो बरं!"

लाल दिवा लागला. तिच्यामागच्या सगळ्या तुकडीनं तसंच केलं. गाडी अर्धा तास खोळंबली आणि हेमलता एकेकाची चौकशी उरकत राहिली; म्हातारीच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. हेमलताच्या नवऱ्यानंही अपघाताच्या दिवशी सकाळी डबा उचलून "येतो" म्हटलं होतं. तो काही खोटं बोलला नव्हता. हरिश्चंद्रात उभा केला असता तर हिरवा दिवाच लागला असता.

त्या रात्री तिनं स्वतःच्या हातानं फलक उतरवला. देशकरांचा फोन आला, तेव्हा ती म्हणाली, "साहेब, माझ्या फाटकात कुणाला जातो म्हणावं लागणार नाही. थांबा गेला तरी चालेल." मग लगेच भानावर येऊन म्हणाली, "पण जाऊ देणार नाही मी."

श्रीरंगनं आडवाट सुचवली. शंभर अर्जांपेक्षा हजार आवाज बरे. खऱ्या माणसांचे खरे निरोप यंत्राला ऐकवले, तर पाच देशांच्या समितीला 'हा सुधार नव्हे, फक्त सराव' असं सांगता येईल. सरावाला मान्यता लागत नाही. मग हेमलता आणि वासनिक माइक घेऊन बसच्या आगारात, मेट्रोच्या दारात, रसवंतीपाशी उभे राहू लागले. येतो काका. येते गं. येऊ का मग? या. ये हं. नीट ये. माणसं आनंदानं आवाज देत. घरी जेवताना तिनं तन्मयीपुढंही माइक धरला.

"तूही दे ना. म्हण, आई येते."

"माझा नको, आई." तन्मयी ताटातला भात कालवत राहिली. "घसा बसून राहिला माझा."

तन्मयीला पेनांगची नोकरी लागून महिना झाला होता. दोन वर्षांचं काम, ती म्हणाली होती. त्या महिन्यात तिनं आपली स्कूटर मैत्रिणीला दिली, पुस्तकं वाचनालयाला दिली, कपाट धुऊनपुसून त्यात आईच्या साड्या लावून ठेवल्या. हेमलतानं हे सगळं पाहिलं आणि म्हटलं, पोर किती टापटिपीची झाली. तिचं डोकं फाटकात अडकलेलं होतं. फाटकात अडकलेल्या माणसाला घरातलं दिसत नाही.

"तू त्या यंत्राला माया शिकवून राहिली," तन्मयी एकदा म्हणाली.

"तुझ्याचसाठी शिकवून राहिली. दिवाळीला यायला गाडी नको का तुला?"

तन्मयी उठून ताट विसळायला गेली.

पुढच्या आठवड्यात श्रीरंगचा फोन आला. "झालं, मॅडम. आता यंत्र 'येतो'चा बरोबर अर्थ घेतं. पाय बाहेर असले तरी चालतील. येतो म्हणजे, आत्ता निघतो आहे आणि परत यायचा बेत आहे. दोन्ही गोष्टी पाहतं ते."

"अगदी बरोबर," हेमलता म्हणाली. "हाच तर अर्थ आहे त्याचा."

दुसऱ्या दिवसापासून नारापेठच्या फाटकावर हिरव्यामागून हिरवे दिवे लागले. लोक येतो म्हणत होते आणि खरं बोलत होते. गयाबाई रंगूनहून सुखरूप परतली आणि जाताना वासनिकच्या हातावर प्रसादाच्या खडीसाखरेचा पुडा ठेवून, येतो बाप्पा, म्हणून हिरव्या दिव्याखालून डौलात निघून गेली. गाडी वेळेवर सुटू लागली. पण आधीचे उशीर खात्यावर होतेच. देशकरांनी स्पष्ट सांगितलं की चाचणीच्या शेवटच्या दिवशी ते स्वतः येतील, आणि त्या दिवशी जर गाडी अडली तर ते काही करू शकणार नाहीत.

तन्मयीचं तिकीट नेमकं त्या दिवसाचं निघालं. हेमलताला तो शुभशकुन वाटला.

दुपारची वेळ होती. देशकर साहेब फलाटावर हात मागं बांधून उभे होते. गाडी लागली. फाटकातून एकेक प्रवासी हिरव्या दिव्याखालून जात होता. तन्मयी शेवटची. पाठीवर एकच पिशवी, बाकीचं सामान आधीच पाठवलेलं. हेमलतानं तिच्या हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा दिला. तन्मयी वाकून पाया पडली आणि फाटकात उभी राहिली.

"पेनांगला चालले," ती म्हणाली. "कामासाठी."

हिरवा.

मग ती वळली. काचेतून तिनं आईकडं पाहिलं. तिचे ओठ थोडे हलले, थांबले.

"आई, येते."

दिवा लाल झाला.

"आपलं बोलणं आणि आपला बेत जुळत नाही," फाटक म्हणालं. हल्ली ते हे वाक्य विसरल्यासारखंच झालं होतं.

वासनिक लगबगीनं पुढं आला. "बिघडलं वाटते, मॅडम. पोरगी तं बरोबर बोलली."

हेमलताही तेच म्हणणार होती. बिघडलं. तिच्या तोंडात शब्द आला होता. पण तिनं तन्मयीचा चेहरा पाहिला, आणि स्कूटर, पुस्तकं, धुतलेलं कपाट, बसलेला घसा, सगळं एकदम जागच्या जागी येऊन बसलं. यंत्र बिघडलं नव्हतं. तिनंच ते दुरुस्त केलं होतं.

"दोन वर्षं म्हटलं होतं तू," ती काचेजवळ जाऊन हळूच म्हणाली.

"कायमची नोकरी आहे, आई." तन्मयीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सांगायचं होतं. तू रोज त्या थांब्यासाठी एवढं भांडून राहिली होती, मला सांगवलंच नाही. मी इथं नाही राहू शकत. या घरात बाबा गेल्यापासून तू नुसती माझी वाट पाहत असते. मी कॉलेजातून यायची वाट, ऑफिसातून यायची वाट. मला असं कुठंतरी जायचं आहे जिथं माझी वाट कुणी पाहत नाही."

हेमलताला राग आला. पोरीचा आला, यंत्राचा आला, श्रीरंगचा, पाच देशांचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. एवढा आटापिटा करून तिनं थांबा मिळवला तो पोरीनं परत यावं म्हणून, आणि तिला जे कधीच कळलं नसतं ते सांगायला एक यंत्रही शिकवून ठेवलं.

देशकर साहेब जवळ आले. "बोरकुटे, चौकशी लावायची का? मग गाडी थांबवावी लागेल."

चौकशी लावली की गाडी उभी राहणार. गाडी उभी राहिली की थांबा जाणार. आणि तन्मयी? कागद, प्रश्न, उत्तरं. बोल खरंच खोटा निघाल्यावर आजची गाडी तिची चुकणारच. आज रात्री ती घरी असेल, जेवायला असेल. हेमलतानं फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यासारखं सोपं काही नव्हतं, आणि तिला ते फार हवंहवंसं वाटलं.

पण फाटकाचा तो नियम होताच. लाल झालेलं वाक्य माणूस एकदा मागं घेऊ शकत असे आणि त्याजागी खरं वाक्य बोलू शकत असे.

"तन्मयी," ती म्हणाली, "जाते म्हण."

"आई, नको ना."

"म्हण, बाळा. गाडी खोळंबून राहिली."

तन्मयीनं डोळे पुसले. काचेवर हात ठेवला.

"आई, जाते मी."

हिरवा दिवा लागला. इतका पटकन, की जणू तो त्या शब्दाचीच वाट पाहत होता. तन्मयी क्षणभर उभी राहिली, आईनं काहीतरी म्हणावं म्हणून. येते म्हटलं की ये म्हणायचं, हे हेमलताला लहानपणापासून ठाऊक होतं. जाते म्हटलं की काय म्हणायचं, ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तन्मयी वळली आणि गाडीत चढली. दारं लागली. गाडी ठरल्या वेळेला हलली.

देशकर साहेबांनी घड्याळ पाहून मान डोलावली. "अभिनंदन, बोरकुटे. थांबा पक्का झाला समजा. उद्या कागद येतील." त्यांना काय घडलं त्यातलं फारसं कळलं नव्हतं, आणि विचारावं असंही वाटलं नाही. बाहेर पडायची वाट फाटकातूनच होती. उंबऱ्यात थांबून ते सवयीनं म्हणाले, "बरं, येतो मग."

हिरवा दिवा लागला. पुढच्या तपासणीला ते खरंच येणार होते.

"या," हेमलता म्हणाली. तेही सवयीनंच.

तो शब्द तोंडातून निघाल्यावर तिला आठवलं की आज आपलं एक उत्तर द्यायचं राहून गेलं आहे. गाडीचा शेवटचा डबा वळणाआड जात होता. वासनिक तिला खुर्ची देऊ करत होता, ती तिनं घेतली नाही. फलाटाच्या कडेशी उभी राहून, कुणाला ऐकू जावं अशी अपेक्षा न धरता, ती म्हणाली, "ये."